पापुद्रा सुटलेली पावली

रात्री साडेनऊच्या सुमारास तीन वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिचे आईवडील आणि आजी आमच्या अपघात विभागात आले. मुलगी लाळ गाळत होती, पाणी गिळत नव्हती, पण श्वास व्यवस्थित होता. तिनं काय गिळलं, हा पहिला प्रश्न. वडील म्हणाले, "नाणं, मॅडम. जुनं नाणं." आई म्हणाली, "फाटकं नाणं होतं." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नोट फाटते, नाणं कसं फाटेल? तेवढ्यात आजी मागून म्हणाल्या, "पापुद्रा सुटलेली पावली आहे ती." माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मी एक्स-रेचा कागद लिहीत होते.

एक्स-रे आला आणि माझ्या पोटात गोळा आला. गळ्याखाली, अन्ननलिकेच्या सुरुवातीला, साधारण दोन सेंटिमीटर व्यासाची गोल सावली. पण नाण्याची सावली एकसारखी पांढरी दिसते, तशी ही नव्हती. आत एका बाजूला कमानीसारखी फिकट दुसरी रेघ होती. बाजूनं घेतलेल्या फोटोत नाण्याची कड एका सरळ रेघेसारखी दिसायला हवी. इथे ती रेघ एका टोकाला दुभंगली होती. कडेला दुहेरी वर्तुळ आणि बाजूनं पाहिल्यावर पायरी, ही बटण-बॅटरीची खूण आम्ही प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला शिकवतो. वडिलांना विचारलं, घरात बटण-बॅटरी कुठे असते? ते म्हणाले, नाणी तोलायच्या छोट्या वजनकाट्यात, त्याच टेबलावर. ती जागेवर आहे का, हे घाईत कुणी पाहिलं नव्हतं.

बटण-बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर घड्याळ लावून काम करावं लागतं. ओलसर ऊतीत तिच्या दोन टोकांमधून विजेचा प्रवाह वाहतो, ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका खोल भाजू शकते. आम्ही अर्ध्या तासात 108 ची रुग्णवाहिका लावून मुलीला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत मी 'बॅटरी?' असं प्रश्नचिन्हासह लिहिलं. तिथे मध्यरात्रीच्या आत दुर्बिणीतून वस्तू बाहेर निघाली. ती 1940च्या दशकातली, सहाव्या जॉर्जचं डोकं असलेली चार आण्यांची पावली होती. तिच्या एका बाजूचा धातूचा पातळ थर अर्धवट सुटून वर आला होता. आजींनी सांगितलं होतं अगदी तेच.

शंका आली की बॅटरी समजूनच धावायचं असतं, त्यामुळे धावपळीचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटलं, की वर आलेली ती धातूची कड धारदार होती आणि चिमट्यानं ओढताना अन्ननलिका खरवडली जाण्याची भीती होती. ही माहिती आमच्याकडे होती आणि चिठ्ठीत नव्हती. 'पापुद्रा सुटलेली' हे दोन शब्द तिथल्या डॉक्टरांना उपयोगी पडले असते. ते मी ऐकलेच नाहीत, कारण धातूला पापुद्रा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

नंतर मी ते समजून घेतलं. मुलीचे वडील नाण्यांचे संग्राहक आहेत, त्यांनी हौसेनं सगळं दाखवलं.

नाण्याचा जन्म असा होतो. धातू वितळवून त्याची लगड ओततात, ती लाटून लांब पट्टी करतात, पट्टीतून गोल चकत्या कापतात, चकत्या तापवून मऊ करतात, आम्लात धुतात आणि शेवटी दोन ठशांमध्ये दाबून त्यावर चित्र व अक्षरं उमटवतात. आता ओततानाच धातूत थोडी मळी, वायूचा बुडबुडा किंवा नीट न मिसळलेला कण राहिला असं समजा. पट्टी लाटताना तो कणही लाटला जातो. पोळीच्या कणकेत राहिलेली पिठाची गाठ लाटल्यावर पसरते, आणि पोळी फुगली की नेमक्या तिथे पदर सुटतो, तसंच हे. धातूच्या आत, पृष्ठभागाला समांतर असा एक अशक्त पापुद्रा तयार होतो. तो टाकसाळीतच सुटेल, हाताळताना पाच वर्षांनी सुटेल किंवा ऐंशी वर्षांनी एखाद्या तीन वर्षांच्या मुलीच्या हातात सुटेल.

संग्राहक याला 'लॅमिनेशन एरर' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात दहावीच्या प्रमाणपत्राचं लॅमिनेशन करतात, म्हणजे वर थर चढवतात. नाण्याचं लॅमिनेशन म्हणजे थर निघून येणं! मूळ लॅटिन 'लॅमिना' म्हणजे पातळ पत्रा. आमच्या शरीररचनेतही मणक्याच्या चपट्या हाडाला लॅमिनाच म्हणतात. दुसरा शब्द त्याहून मजेदार. कोऱ्या चकतीला इंग्रजीत 'प्लँचेट' म्हणतात. मराठी माणसाला प्लँचेट म्हटलं की अंधारी खोली, पाट आणि आजोबांचा आत्माच आठवणार. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, फ्रेंचमधली लहानशी फळी. तरी 'स्प्लिट प्लँचेट' असं ऐकल्यावर कुणाला चकतीचे दोन पदर सुटलेलं नाणं डोळ्यांसमोर येईल, असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे आपल्या संग्राहकांकडे एका दोषाला अस्सल देशी शब्द आहे. ठशाखालचं आधीचं नाणं तिथेच चिकटून राहिलं आणि पुढच्या नाण्यावर त्याच बाजूचं उलटं, खोलगट चित्र उमटलं, तर त्याला ते 'लाखी' म्हणतात. बाजारात हा शब्द सर्रास चालतो. धातू सुटण्याच्या दोषांना मात्र असे शब्द रुजले नाहीत. खरं तर मराठी याबाबतीत श्रीमंत आहे, कारण घराच्या भिंतीपासून अंगाच्या कातडीपर्यंत आपण सतत काही ना काही सुटताना पाहत असतो.

मी त्या संग्राहकांबरोबर त्यांचा डबा घेऊन बसले आणि एकेका नाण्याला शब्द शोधू लागले. पातळ थर सुटला आहे पण एका कडेनं नाण्याला धरून आहे, तो पापुद्रा. त्यांच्या भाषेत 'रिटेन्ड'. जाड तुकडा निघून खाली खड्डा पडला, तर भिंतीचा निघतो तसा पोपडा. थर अजून सुटलेला नाही, नुसती वेडीवाकडी बारीक रेघ दिसते आहे, ती चीर. संपूर्ण चकती मधोमध उकलून शिंपल्यासारखी उघडी पडली, तर इंग्रजीत तिला शिंपल्यावरूनच नाव आहे, 'क्लॅमशेल'. आपण 'शिंपली' म्हणायला हरकत नाही. आणि मुलाम्याच्या नाण्यावर आतून वायूमुळे जो फुगवटा येतो, तो फोड. इंग्रजीतही तो 'ब्लिस्टर'च आहे, म्हणजे इंग्रजांनीही तो त्वचारोगाच्या ओपीडीतूनच उचलला.

फोड आणि पापुद्रा यांत गल्लत मात्र करू नये. पापुद्रा हा एकाच धातूच्या आतला दोष आहे. फोड दोन धातूंच्या सीमेवर येतो, खालचा गाभा वेगळा आणि वरचा मुलामा वेगळा असेल तेव्हा. कल्हईच्या भांड्याची कल्हई उडते तेव्हा आपण पितळेला पापुद्रा सुटला असं म्हणत नाही.

वैद्यकाशी खरं साम्य मला पुढच्या प्रश्नात सापडलं. सरकारी रुग्णालयात नोकरी केलेल्या प्रत्येक डॉक्टरला शवविच्छेदन चुकत नाही, आणि तिथला नेहमीचा सवाल असतो, जखम मृत्यूपूर्वीची की नंतरची? नाण्याबाबत संग्राहक नेमकं हेच विचारतात: पोपडा ठसा पडण्याआधी निघाला की नंतर? खड्ड्याच्या तळाशी चित्राचा पुसट का होईना भाग उमटला असेल, तर पोपडा आधीच गेला होता आणि ठसा त्या खड्ड्यावर पडला. तळ कोरा असेल आणि त्यावर लाटण्याच्या दिशेनं बारीक समांतर रेघा दिसत असतील, तर ठसा आधी पडला आणि पोपडा मागाहून उडाला. त्या रेघा म्हणजे धातूचा तंतू. लाकूड चिरल्यावर दिसतो तसा. वजनकाटा दुसरा पुरावा देतो. पापुद्रा धरून असेल तर वजन पूर्ण भरतं, पोपडा गेला असेल तर कमी. 1992 पासूनच्या जुन्या पाच रुपयांच्या तांबे-निकेलच्या नाण्याचं वजन 9 ग्रॅम. त्याचा अर्धा पदर गेला असेल, तर ते काटा लगेच सांगतो.

सामान्य लोक ज्याला 'पोपडा' म्हणतात ते पुष्कळदा या दोन्हींपैकी काहीच नसतं, नुसता गंज असतो. कोकणात तर हे फारच. आपल्या भागात घरोघरी देव्हाऱ्यात किंवा जुन्या डब्यात एखादी शिवराई निघते, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' कोरलेली. खारट दमट हवेत क्लोराइड तांब्यात शिरलं की फिकट हिरवी भुकटी सुटू लागते, आणि वर्षानुवर्षं सुटतच राहते. त्याखालचा पृष्ठभाग खडबडीत, खाचाखोचांचा असतो, तंतूच्या सरळ रेघा नसतात. खपली आणि कोंडा यांत जसा फरक आहे तसाच हा आहे. शिवाय शिवराईची चकती पोलादी रुळांत लाटलेली नव्हती, हातानं ठोकलेली होती. तिच्या कडेला दिसणारी भेग बहुधा ठोकताना पडलेली असते. तिला 'लॅमिनेशन एरर' म्हणून चढ्या भावानं विकणारा एक तर अडाणी असतो किंवा फार हुशार.

मग आमच्या पावलीचंच असं का झालं? 1940 पर्यंत इंग्रजांच्या रुपयात 91.7 टक्के चांदी होती. महायुद्धात चांदीची चणचण भासली, एक रुपयाच्या नोटा आल्या आणि चांदीच्या नाण्यांचा कस एकदम निम्म्यावर आणला गेला: 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल, 5 टक्के जस्त. आता या चौघांचे स्वभाव पाहा. जस्त 420 अंशांना वितळतं, चांदी 962ला, तांबं 1085ला आणि निकेल 1455ला. त्यात जस्त 907 अंशांना उकळूच लागतं, म्हणजे चांदी वितळण्याआधीच ते वाफ होऊन पळायला बघतं. असं मिश्रण एकजीव करणं किती अवघड, हे एकाच कढईत तूप आणि पाणी उकळणाऱ्याला विचारावं. जगभर हाच अनुभव आला. अमेरिकेनं 1942 ते 1945 या काळात पाच सेंटच्या नाण्यातून निकेल काढून तांबं, चांदी आणि मँगनीज घातलं. पापुद्रे सुटलेल्या नाण्यांसाठी संग्राहकांत ती नाणी आजही प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे 1946 पासून पावली शुद्ध निकेलची झाली, मागे ऐटबाज वाघ असलेली. त्या वाघाची कातडी सहसा निघत नाही.

धातूवर धातू चढवून फसवण्याची विद्या मात्र फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनाराच्या चोरीचे प्रकार दिले आहेत, त्यांत 'पेटक' हा एक आहे, म्हणजे हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा चढवणं. त्याचेही दोन पोटप्रकार केले आहेत: घट्ट बसवलेला तो 'गाढ' आणि सुटा करता येईल असा तो 'अभ्युद्धार्य'. थर घट्ट आहे की सैल, यावरून दोषाला वेगळं नाव देण्याची ही रीत एखाद्या त्वचारोगतज्ज्ञालाही आवडेल. त्याच ग्रंथात टाकसाळीच्या प्रमुखाला 'लक्षणाध्यक्ष' म्हटलं आहे. आम्ही डॉक्टर लक्षणं पाहून पोट भरतो, तेव्हा हा शब्द वाचून मला उगाचच जवळचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

आता आरोग्याचा भाग, कारण हे सदर त्यासाठी आहे. मुलामा उडालेलं नाणं पोटात गेलं तर विष होतं का, असं त्या वडिलांनी मला विचारलं. आपल्या आजच्या चलनातल्या नाण्यांबाबत फारशी काळजी नाही. एक-दोन रुपयांचं नाणं पोलादाचं, क्रोमियम मिसळलेलं. जठरातल्या आम्लाला ते बऱ्यापैकी दाद देत नाही. अमेरिकेत 1982 पासूनचं एक सेंटचं नाणं मात्र 97.5 टक्के जस्ताचं असतं, वर तांब्याचा मुलामा. मुलामा फोड येऊन फाटला असेल, तर जठरातलं आम्ल आतलं जस्त खाऊ लागतं आणि जठराला व्रण पडू शकतो. अशा मुलांच्या एक-दोन दिवसांनंतरच्या एक-रेत नाण्याची कड कुरतडलेली दिसते. अमेरिकेतून आलेल्या नातवंडांच्या खिशात ही सुटी नाणी असतात, म्हणून सांगितलं. उलट आपली जुनी पाच, दहा, वीस पैशांची ॲल्युमिनियमची नाणी एक्स-रेत फार फिकट दिसतात, कधी निसटूनही जातात. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 2011 मध्ये चलनातून गेली, पण घरातल्या डब्यांतून गेलेली नाहीत. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणजे मुलानं काही गिळलंच नाही, असा अर्थ होत नाही.

मुलानं नाणं गिळलं की घरात पहिली सूचना येते, केळं द्या, म्हणजे खाली सरकेल. देऊ नका. भाताचा घासही नको, घशात बोट घालून ओकारी तर अजिबात नको. नाणं अन्ननलिकेत अडकलं असेल तर ते भूल देऊन काढावं लागतं, आणि भरलेल्या पोटावर भूल देणं धोक्याचं असतं. सरळ एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात या. नाणं जठरात उतरलं असेल, तर बहुतेक मुलांत ते काही दिवसांत, कधी दोनेक आठवड्यांत आपोआप शौचावाटे पडतं. उलट्या, पोटदुखी, शौचात रक्त किंवा ताप आला तर थांबू नका. लाळ गळणं, गिळता न येणं, श्वासाचा आवाज येणं, ही तर लगेच निघण्याची लक्षणं आहेत. आणि येताना तशीच दुसरी वस्तू घरात असेल तर बरोबर आणा. नाणं गुळगुळीत होतं, कड तुटलेली होती की पापुद्रा सुटला होता, तेही सांगा. डॉक्टरनं ऐकलं नाही तर पुन्हा सांगा.

नाण्यांच्या छंदात मोठ्यांनाही इजा होते. चिंच आणि लिंबू ठीक आहे. त्यानं नाण्याचं नुकसान होतं, माणसाचं नाही. पण नाणं चमकवायला लोक संडास धुण्याचं आम्ल किंवा सोनाराकडचं नत्राम्ल वापरतात. त्याचा धूर श्वासात गेला, तर कधी कधी काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं आणि मग आमच्याकडे धावपळ सुरू होते. बोटांना सतत खाज, पुरळ आणि भेगा येत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाला आपला छंद सांगा. पावलीत निकेल असतं, तांबे-निकेलच्या नाण्यात तर चौथा हिस्सा, आणि निकेलची ॲलर्जी ही त्वचेच्या स्पर्शानं होणाऱ्या सर्वांत सामान्य ॲलर्जींपैकी आहे. युरोची दुरंगी नाणी घामात किती निकेल सोडतात, यावर 2002 साली 'नेचर'सारख्या नियतकालिकात शोधनिबंध आला होता.

एक इजा खिशालाही होते. 'पोपडा निघालेलं नाणं लाखात विका' अशा जाहिराती मोबाइलवर येतात आणि नोंदणीच्या नावाखाली आधी पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच खुलासा केला आहे, की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती त्यासाठी शुल्क घेत नाही. माझ्या एका रुग्णाचं बीपी अशाच प्रकारानंतर महिनाभर खाली येत नव्हतं.

पावलीची गोष्ट अजून थोडी राहिली आहे. काढताना तिचा पापुद्रा चिमट्यात मोडला आणि त्याचा एक छोटा तुकडा पुढे सरकला. पुन्हा घेतलेल्या एक्स-रेत तो जठरात चंदेरी ठिपक्यासारखा दिसत होता. अन्ननलिकेवर एक ओरखडा होता, तो आपोआप भरून आला. शौचावर लक्ष ठेवा, असं घरच्यांना सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला, तुकडा सापडला. त्यांचा आवाज जरा जास्तच आनंदी वाटला, म्हणून मी विचारलं, तुम्हाला मुलीचा आनंद झालाय की पापुद्र्याचा? ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? आधी मुलीचा."

महिन्याभरानं सगळे तपासणीला आले. मुलगी छान खात होती. वजनकाटा आता कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला होता आणि बॅटरीच्या झाकणाला चिकटपट्टी लावली होती. वडिलांनी खिशातून कागदाचं छोटं पाकीट काढून दाखवलं. आत पावली होती, शेजारी चिमुकला तुकडा. पाकिटावर आधी इंग्रजीत लिहिलेलं खोडलं होतं आणि खाली बॉलपेननं लिहिलं होतं: पापुद्रा सुटलेली पावली. आजींनी ते पाकीट डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि म्हणाल्या, "मोडलेली लिही आता."